दाराजवळचा बाक: भीतीच्या दिवसांत ख्रिस्ती श्रद्धा आशा देते की गुंगी?

बावखल (धागाकर्ती)

आमची आई सत्तरी ओलांडलेली. वसईची, लाल लुगडं नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतली. आयुष्यभर चर्चमध्ये पुढून तिसऱ्या बाकावर बसली. २१ एप्रिल २०१९ ला, ऐन ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब फुटले, अडीचशेच्या वर माणसं गेली. पुढच्या रविवारपासून आई बाजूच्या दाराजवळच्या बाकावर बसायला लागली. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात!

यंदा ईस्टरच्या रात्री गेटवर दोन पोलीस होते. आत धर्मगुरू आशेवर बोलले, चांगलं बोलले. परत येताना रिक्षात भाऊ म्हणाला, "आशा आशा करून आपण म्हाताऱ्यांना झोपवतोय फक्त."

तेव्हापासून डोक्यात आहे. मला काय वाटतं ते आधी सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसलेत. येशू येतो, जखमा दाखवतो, शांती देतो. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण त्यानंतर आठ दिवसांनी तो पुन्हा येतो, तेव्हाही दारं बंदच आहेत! डोळ्यांनी बघून झालं तरी कडी लावलेलीच. मला ही ओळ फार धीर देते. श्रद्धा आली म्हणजे भीती गेली असं बायबलही म्हणत नाही. मग भाऊ ज्याला गुंगी म्हणतो ती नेमकी कोणती?

तुम्हाला काय वाटतं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, पण मुद्द्यावर.

---

साशंक

मुद्द्यावरच लिहितो. आईंनी बाक बदलला, तो या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय. बाकी सगळं त्या निर्णयावर चढवलेली कविता.

तुमच्याच माणसाचं उदाहरण देतो. फादर स्टॅन स्वामी, झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू. भीमा कोरेगाव प्रकरणात ८३ व्या वर्षी अटक, पार्किन्सनचा आजार, पेला हातात धरवत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज. तळोजा तुरुंगातून लिहिलं की पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो. लोकांनी ती ओळ फिरवली, डोळे पुसले. ५ जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा जामिनाचा अर्ज पडूनच होता. त्या गाण्याने काय झालं? ऐकणाऱ्यांना बरं वाटलं. मी गुंगी म्हणतो ती ही. गाणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्यांची.

---

बावखल

@साशंक, शेवटचं वाक्य मान्य. झोंबलं, पण मान्य.

---

चौथा_बुरूज

सगळे फार हळवे झालेत म्हणून थोडा इतिहास. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते १८१२ ला कायमचं उठलं. त्या काळात दारं लावून भीतीने कोण बसलं होतं? चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. वसईच्या मोहिमेतली चर्चची घंटा आजही भीमाशंकरला टांगलेली आहे, जाऊन बघा. ज्यांच्या क्रुसाने इतरांना घाबरवलं त्यांनी आता क्रुसातून आशा मिळते म्हणायचं, हे जरा सोयीचं नाही का?

---

बावखल

बघितली आहे घंटा. शाळेच्या सहलीत. सर म्हणाले, ही तुमच्याकडची, आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळला. सहावीत होते.

इन्क्विझिशन नाकारत नाही. त्यात भरडले गेलेले लोक आमचेही पूर्वज होते, आणि ज्यांचं सगळं काढून घेतलं त्यांच्यातलेही काही आम्ही. पण तेव्हाचा हिशेब माझ्या आईच्या बाकावर मांडायचा असेल तर मला त्यात चर्चा दिसत नाही.

---

चौथा_बुरूज

आईंवर नाही हो. संस्थेवर म्हणालो. आईंबद्दल आदर आहे.

---

उपासना_नगर

आम्ही नगरकडचे, प्रोटेस्टंट. आमच्यात मिस्सा नाही, उपासना. फादर नाही, पाळक. भीती मात्र सारखीच.

पंडिता रमाबाई घ्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, नवरा कॉलऱ्याने गेला. अशा बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात काय करावं? दुष्काळ या शब्दाकडे पाठ फिरवावी. पण त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला 'मुक्ती' ही निराधार बायकामुलींची संस्था उभी राहिली ती त्यातून. ज्या दुष्काळाने आपलं सगळं नेलं त्याच्याच समोर परत जाणं, याला मी आशा म्हणतो. भजन त्यानंतर.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, एक १० वर्षांचा, एक ६, जीपमध्ये झोपलेले असताना जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स म्हणाल्या, क्षमा केली. आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांत राहून काम चालू ठेवलं, पुढची काही वर्षं.

---

साशंक

ग्लॅडिसबाईंबद्दल माझ्या मनात काडीइतका वाकडा विचार नाही. पण त्यांच्या क्षमेचं देशाने काय केलं ते बघा. भाषणं, सत्कार, २००५ ला पद्मश्री. एका विधवेने मोठं मन दाखवलं की बाकीच्यांना लहान राहायची मोकळीक मिळते. २००८ मध्ये त्याच ओडिशात कंधमाळला घरं, चर्चं जळाली, लोक जंगलात पळाले. नऊ वर्षांत क्षमेतून काय शिकलो आपण?

---

उपासना_नगर

त्या बाई स्वतःच सांगत होत्या की क्षमा वेगळी, कायद्याची शिक्षा वेगळी. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमेने न्यायाच्या आड पाय घातला नाही. कंधमाळचं उत्तर ग्लॅडिसकडे मागू नका, तिथल्या सरकारकडे मागा.

---

बावखल

@साशंक, गुंगीवर एक घरचं सांगते.

१९८९ ची वसई. जमिनी बळकावणाऱ्यांची दहशत अशी की संध्याकाळी नाक्यावर नाव घेताना लोक आवाज खाली आणायचे. त्याच वर्षी नालासोपारा स्टेशनात एका बिल्डरला गोळ्या घातल्या. माणसांनी भरलेलं स्टेशन, आणि कुणी काही बघितलं नाही! त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे इथली हिरवाई वाचवायच्या चळवळीत, उभे राहिले. आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं ते तेव्हा, आणि त्यात नुसते ख्रिस्ती नव्हते.

बाबा मोर्च्याला निघाले तो दिवस मला आठवतो. खिशात जपमाळ होती. सातबाऱ्याचा कागद आईकडे दिला आणि म्हणाले, तांदळाच्या डब्यात खाली ठेव. म्हणजे परत येऊ की नाही याची खात्री नव्हती. सदऱ्याचं बटण लावताना हात थरथरत होता, शेवटी आईने लावलं. गुंगीतला माणूस सातबारा लपवत नाही.

---

साशंक

सुंदर लिहिलंत. पण मग आशा मोर्च्यातून आली, जपमाळेतून नाही. आणि त्या हरित वसईत आज उरलंय काय? टॉवर आणि टँकर.

---

बावखल

अर्ध्याहून जास्त गेलं, खरं आहे. आमच्या शेजारची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजली. आमची केळीची वाडी अजून आहे. जपमाळ आणि मोर्चा मला वेगळे काढता येत नाहीत. बाबांनाही आले नसते. एरवी तो माणूस तलाठ्यासमोरही बोलायचा नाही.

---

गवराई

इतका वेळ वाचत होते. स्तोत्र २३ सगळे म्हणतात, मृत्युच्छायेच्या दरीतून जाताना भिणार नाही म्हणून. आमच्या सासूबाईंना स्मशानातसुद्धा तेच म्हणताना ऐकलंय. पण क्रुसावर येशूच्या तोंडी आहे ते स्तोत्र २२, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आपल्याकडे प्रार्थनासभेत कुणी हे म्हटलं की लगेच गप्प करतात, विश्वास कमी पडला म्हणतात. गुंगी बायबलमध्ये नाही, आपल्या गप्प करण्यात आहे. नवरा गेला तेव्हा मला तीन जणांनी सांगितलं की रडू नकोस, तो देवाघरी आहे. एकानेही जेवलीस का विचारलं नाही.

---

साशंक

@गवराई, या धाग्यात मला पटलेली पहिली ख्रिस्ती प्रतिक्रिया.

---

चौथा_बुरूज

+१. माझ्याकडूनही.

---

बावखल

धागा आईला वाचून दाखवला. स्टॅन स्वामींचं आलं तेव्हा म्हणाली, तो सिपरवाला म्हातारा ना, त्याच्यासाठी मी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, केली होती. भीमाशंकरच्या घंटेवर म्हणाली, वाजते ना अजून? मग ठीक.

शेवटी धीर करून विचारलंच की बाँबच्या भीतीने बाक बदललास ना? म्हणाली, हो, भीती वाटलीच. आणि ते बाजूचं दार आहे ना, त्याची कडी अडकते, वर उचलून मग ओढावी लागते. काही झालं तर पोरांना उघडणार नाही. मला उघडता येते.

---

साशंक

कडीला तेल घाला.

---

बावखल

दोनदा सांगून झालंय कमिटीला. या रविवारी भाऊच बाटली घेऊन जातोय.