बी विंगचं नेट आणि गच्चीवरची वायर

सोसायटीचा ग्रुप, जुळे सोलापूर

मंगळवार

ए-२०१ वहिनी, रात्री ८.४१
कुणाकुणाचं नेट स्लो चाललंय? आत्ता ह्यांचा टॉवेलच्या ऑर्डरचा व्हिडिओ कॉल होता, यांचं बोलणं तिकडं तुटक जात होतं. तिसऱ्यांदा झालं असं. गिऱ्हाईक बाहेरदेशातलं आहे, सारखी सारखी वेळ देत नाही.

बी-४०२
आमचं आठ दिवस झालं हेच. पॅक १०० चा, मिळतंय ४-५.

बी-४०१
आमचंपण.

ए-१०४ अक्का
आमच्यात हॉलमध्ये चालतंय. आतल्या खोलीत नुसतं गोल गोल फिरायलंय.

बी-३०२
कंपनीच बदलू या सगळ्यांनी मिळून. बिल मात्र बरोबर १ तारखेला येतं.

सेक्रेटरी काका
सोसायटीच्या नावानं एकच तक्रार टाकू का? फ्लॅट नंबर पाठवा.

बी-१०३ अण्णा
सेक्रेटरी साहेब, दोन दिवस थांबा. एकच तक्रार टाकली तर माणूस येणार, खालच्या मजल्यावर टेस्ट करणार, बरोबर येतंय म्हणणार आणि तक्रार बंद करून जाणार. मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात काढली, ही पद्धत मला पाठ आहे. शिवाय इथं प्रत्येक घराचं दुखणं वेगळं दिसतंय.

बी-३०२
अण्णा, स्लो म्हणजे स्लोच की.

बी-१०३ अण्णा
नाही दादा. कंपनीची लाइन घरातल्या बॉक्सपर्यंत येते. तिथून मोबाइलपर्यंतचा प्रवास वायफायचा, म्हणजे आपला. आधी हे दोन वेगळे करायचे.

असं करा. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडा, वायफाय बंद, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्हीपण बंद. मग स्पीड टेस्ट. सकाळी ७ ला, दुपारी आणि रात्री १० ला. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (विनंती जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात), तिन्ही आकडे लिहा. नंतर तीच टेस्ट वायफायवर, जिथं अडकतं त्या खोलीत.

वायरवर पूर्ण स्पीड आणि खोलीत कमी असेल तर वायफाय बघायचं. वायरवर सकाळी बरोबर आणि फक्त रात्री कमी असेल तर त्या भागात कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे. वायरवर दिवसभर कमी असेल तर आधी लाइन तपासायची.

ए-३०३
अण्णा, माझं १०० चं कनेक्शन आहे पण फाइल उतरवताना १२ च्या वर जातच नाही. फसवलंय ना?

बी-१०३ अण्णा
नाही बाळा, तुझं उत्तम आहे. पॅकवर मेगाबिट लिहिलेले असतात, फाइल उतरताना मेगाबाइट दिसतात. ८ बिटांचा १ बाइट. १०० भागिले ८, साडेबारा.

ए-३०३
अच्छा. मग माझं नाव काढा तक्रारीतून.

ए-१०४ अक्का
आमच्यात लॅपटॉप नाही हो.

बी-१०३ अण्णा
राउटरपासून हातभर अंतरावर मोबाइल धरून करा. वायफायची दोन नावं दिसत असतील तर ५जी लिहिलेलं निवडा, ते मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. तेवढ्या जवळून चालतं.

बुधवार

ए-२०१ वहिनी, सकाळी ७.२०
वायरवर ९४. पॅक २०० चा आहे. तीनदा केलं, ९४, ९४, ९३.

बी-१०३ अण्णा
वहिनी, हा आकडा मी ओळखतो. लाइनवरचा आकडा सहसा थोडा वरखाली होतो, तुमचा ९४ ला ठोकल्यासारखा थांबलाय. कुठंतरी १०० चं पोर्ट नाहीतर खराब वायर आहे. वायरमध्ये ८ तारा असतात, १००० ला आठही लागतात. एक जरी तुटली तरी जोडणी बहुतेक वेळा १०० वर उतरते आणि हातात ९४-९५ पडतं. राउटरवर गिगाबिट पोर्ट आहे का बघा आणि वायर बदला. नव्या पेठेत मिळेल, कॅट ६ म्हणून मागा.

पण कॉल तुटायला हे कारण पुरेसं नाही, कॉलला ३-४ मेगाबिट पुष्कळ झाले. साहेब कुठं बसून बोलतात?

ए-२०१ वहिनी
स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे तिथं, वायफायवर. रात्री त्या वेळी माझं मायक्रोवेव्ह सुरू असतं.

बी-१०३ अण्णा
मग सापडलं. मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात. कॉलसाठी लॅपटॉप वायरवरच ठेवा.

बी-३०२
आमचं सकाळी ९६, रात्रीपण वायरवर ९५. पण सगळे मोबाइल सुरू केले की पिंग ९ वरनं थेट २४० ला.

बी-१०३ अण्णा
घरात कुणी फोटो चढवतंय का?

बी-३०२
सूनबाई परवाच लग्नाहून आल्यात. त्यांच्या मोबाइलमधून बॅकअप चाललाय, अजून ४,००० फोटो बाकी.

बी-१०३ अण्णा
तेच आहे. अपलोडची वाट भरली की बाकीच्यांची साधी विनंतीसुद्धा रांगेत थांबते, मग डाउनलोड मोकळं असूनही सगळं अडकल्यासारखं वाटतं. बॅकअप रात्री झोपताना लावा. कंपनी बदलली असती तरी हे तसंच राहिलं असतं, दादा.

बी-४०२
आमचं वायरवरच सकाळी ५, दुपारी ४, रात्री ५. पण लाल दिवा नाही, पॉनचा, म्हणजे बॉक्सवरचा लाइनचा दिवा हिरवा स्थिर आहे. कंपनीवाला फोनवर म्हणतो लाइन ओके.

बी-१०३ अण्णा
दिवा हिरवा म्हणजे काचेच्या तारेतून, फायबरमधून, प्रकाश येतोय एवढंच. किती येतोय ते दिवा सांगत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाहीतर बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर असेल तो पत्ता. आत ऑप्टिकल पॉवर, आरएक्स लिहिलेलं शोधा, म्हणजे बॉक्सपर्यंत किती प्रकाश पोचतो तो आकडा.

बी-४०२
उणे २८.

बी-४०१
आमचंही उणे २८.

बी-१०३ अण्णा
माझ्याकडं उणे २२. सहाचा फरक. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे माझ्याकडं येतो त्याच्या चौथाईच तुमच्याकडं पोचतोय. उणे २७ च्या पुढं बॉक्सला नीट वाचता येत नाही, चुका होतात, तोच डेटा परत परत पाठवावा लागतो. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. आठ दिवसांपूर्वी वर काय झालं, आठवा बरं.

सेक्रेटरी काका
गच्चीचं वॉटरप्रूफिंग. मागच्या आठवड्यात सोमवारी सुरू केलं होतं.

बी-४०१
मी जाऊन येतो वर.

बी-१०३ अण्णा
ऊन उतरू द्या, आता ४२ आहे. आणि फक्त बघा, फोटो काढा. हात लावू नका. तुटलेलं टोक दिसलं तर डोळ्याजवळ अजिबात नेऊ नका. फायबरमधला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

बी-४०१, संध्याकाळी ६.३५
फोटो टाकलाय. वायर पाण्याच्या पाइपला बायंडिंग वायरनं आवळून बांधलीय, कोपऱ्यावर तर काटकोनात वाकवलीय.

बी-१०३ अण्णा
बिचाऱ्या कामगारांना कुणी सांगितलंच नसणार. जुन्या तांब्याच्या तारेला मुडपलं तरी चालायचं, तिचा शत्रू पाणी. पावसाळ्यात आम्ही जॉइंट पुसत फिरायचो. फायबर काचेची असते, तीव्र वळण दिलं की प्रकाश बाजूनं बाहेर सांडतो. आवळल्यावरही तेच.

आता तक्रार टाका. दोघांनी वेगवेगळी, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घ्या. "नेट स्लो आहे" एवढंच नको. लिहा: वायरवर तीन वेळचे आकडे, आरएक्स उणे २८, त्याच विंगच्या बी-१०३ मध्ये उणे २२, गच्चीवर केबल वाकली आहे, फोटो जोडला आहे. "ब्रॉडबँडच मिळत नाही" असंही लिहू नका. २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ मेगाबिट धरलेत, तुमचे ५ त्यात बसतात. पॅकच्या १०० वर बोट ठेवा. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं.

गुरुवार

बी-४०२, दुपारी १.१०
लाइनमन येऊन गेला. फोटो बघून थेट गच्चीवरच गेला, टेस्टसुद्धा केली नाही आधी. कोपऱ्यावरचा तुकडा बदलून नवीन जॉइंट मारला. आता उणे २२, वायरवर ९५.

बी-४०१
आमचं ९४. अण्णा, खरंच आभार. मुलीची उद्या ऑनलाइन मुलाखत आहे पुण्याच्या कंपनीची, दोन रात्री झोप नव्हती आम्हाला.

बी-१०३ अण्णा
तिला वायरवर बसवा आणि त्या तासाला घरातले बाकीचे मोबाइल बंद ठेवा. भरपूर शुभेच्छा सांगा तिला.

सेक्रेटरी काका
ठेकेदाराला सांगितलंय. वायरी पीव्हीसी पट्टीतून जातील, बायंडिंग वायर बंद.

ए-१०४ अक्का
अण्णा, आमचं राहिलंच की. राउटरजवळ ९२, आतल्या खोलीत ६.

बी-१०३ अण्णा
राउटर कुठं ठेवलाय अक्का?

ए-१०४ अक्का
टीव्हीच्या मागं, शोकेसमध्ये. मधी देवघराची भिंत, पलीकडं लोखंडी कपाट.

बी-१०३ अण्णा
पत्र्याच्या कपाटातून वायफाय पार होत नाही. आधी शोकेसमधून बाहेर काढून उंचावर ठेवा, त्या बंद जागेत उन्हाळ्यात तो तापतोही. तरी आत पोचलं नाही तर आतल्या खोलीत दुसरा छोटा राउटर लावू, पण वायर ओढून.

ए-१०४ अक्का
१५ मीटर वायर पुरेल का? ह्यांना आत्ताच नव्या पेठेत पाठवते.

बी-१०३ अण्णा
पुरेल. पाचनंतर येतो मी, कपाटाच्या मागून नेऊ. दाराच्या फटीतून नको, चिरडते.