‘बोधपुत्र’ म्हणजे उपदेश करणारा का?

संडेस्कूलला मुलांना बर्णबाची गोष्ट सांगत होते. बायबलमध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे (प्रेषितांची कृत्ये 4:36). एका मुलीने विचारलं, “म्हणजे तो सगळ्यांना सारखा उपदेश करायचा?” मी गप्प झाले. इथे ‘बोध’ कोणत्या अर्थाने घ्यायचा?

▪

मुलीने नेमकं बोट ठेवलंय. आज ‘बोध’ म्हटलं की बोधकथा, बोधवचन, ‘यावरून काय बोध घ्याल?’ हेच आठवतं. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पाराक्लेसिस’. त्यामागच्या क्रियापदाचा मुळातला अर्थ जवळ बोलावणं. पुढे त्याला विनवणं, समजावणं, धीर देणं, सांत्वन करणं असे अर्थ आले. उपदेशही त्यात बसतो, म्हणून ‘बोधपुत्र’ चूक नाही, पण आजच्या कानाला अपुरा वाटतो. हिंदीत त्याचं ‘शान्ति का पुत्र’ झालं आहे. आणि गंमत पाहा, योहान 14:16 मध्ये पवित्र आत्म्यासाठी आलेला आपला ‘कैवारी’ हा याच कुळातल्या ‘पाराक्लेतॉस’चा मराठी अवतार.

बर्णबाला शोभतो तो हाच ‘कैवारी’ शब्द. त्याचं खरं नाव योसेफ, कुप्र (आजचं सायप्रस) बेटावरचा लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातला यहुदी. बर्णबा हे प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ठेवलेलं नाव. त्याने शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 9व्या अध्यायातला प्रसंग. शौल, म्हणजेच पुढचा पौल, यरुशलेमात आलाय. काल-परवापर्यंत याने शिष्यांना घराघरातून ओढून तुरुंगात टाकलेलं. त्याच्या जवळ जायला कोणी धजत नाही, हा खरंच शिष्य झालाय यावर कोणाचा विश्वास बसत नाही. बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन जातो. तिथलं ग्रीक क्रियापद हाताला धरण्याचं आहे. मग तो त्याची हकीकत स्वतः सांगतो, म्हणजे एका अर्थी त्याला जामीनच राहतो. पुढे अंत्युखिया शहरात काम वाढलं तेव्हा याच शौलाला शोधायला तो तार्सला गेला. ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांना पहिल्यांदा मिळालं ते त्याच अंत्युखियात.

‘पुत्र’ हे अरामी-हिब्रू वळण आहे, ‘बार’ म्हणजे मुलगा. आपण ‘भूमिपुत्र’ म्हणतो तसंच.

▪

पण ‘बर्णबा’ची फोड ‘बार’ आणि ‘नबी’ अशीही करतात ना? मग ‘संदेष्ट्याचा पुत्र’ होईल.

▪

हो, करतात, आणि त्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. पण दोन्ही अर्थ एकमेकांपासून लांब नाहीत. 1 करिंथ 14:3 मध्ये संदेष्ट्याच्या बोलण्याने माणसांची उभारणी होते, त्यांना धीर आणि सांत्वन मिळतं असं म्हटलंय. त्यातल्या ‘धीर’साठी पुन्हा तोच ‘पाराक्लेसिस’.

▪

‘कैवार’ मात्र जपून वापरायला हवा. आमच्या घरात ‘तू कशाला त्याचा कैवार घेतोस?’ हे रागानेच म्हणतात. त्यात पक्ष घेणं आलं, भांडण आलं.

▪

तेही बर्णबाच्या बाबतीत खरंच आहे. बर्णबा आणि पौलाच्या पहिल्या प्रचारफेरीत त्यांचा सोबती मार्क पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परत गेला होता. पुढच्या फेरीला पौल म्हणाला, त्याला नको. बर्णबा म्हणाला, न्यायचाच. मार्क त्याच्या नात्यातला होता, हेही लक्षात ठेवू. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले; बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. ज्या पौलाला हाताला धरून आणलं, त्याच्याशीच त्याने मार्कसाठी वाकडेपणा घेतला. तो निर्दोष होता असं नाही. अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायचा प्रश्न आला तेव्हा तोही कचरला, ‘बर्णबासुद्धा’ वाहवला असं पौल गलतीकरांना लिहितो. त्या ‘सुद्धा’त मला दुखावलेला मित्र ऐकू येतो.

▪

मग मुलीला सांगते, बोधपुत्र म्हणजे धीर देणारा, कोणी जवळ करत नाही त्याला हाताला धरून आणणारा. मार्कचं पुढे काय झालं, हे ती विचारणारच.

▪

तिला 2 तीमथ्य 4:11 वाचून दाखवा. तिथे पौलच सांगतोय, मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.