रीमिक्स मूळ गाण्याहून सरस वाटते का?

प्रश्न: सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना मी अमेरिकन गायिका डोना समर यांचे १९७७ चे ‘आय फील लव्ह’ आणि संगीतकार पॅट्रिक काउली यांनी केलेले त्याचे १५ मिनिटांहून मोठे रीमिक्स लागोपाठ ऐकतो, आणि दर वेळी रीमिक्सच अधिक भावते. आपला अनुभव काय?

उत्तर १: काउली गाणे न मोडता मधला वाद्यांचा भाग ताणतात, म्हणून समर यांचा आवाज परतताच अंगावर काटा येतो. माझे बालपण पूर्व भागातील यंत्रमागांच्या खटखटाटात गेले. कदाचित त्यामुळेच अखंड ठेक्याचा मला कंटाळा येत नाही.

उत्तर २: अखंड ठेका आवडत असेल तर वादक चरणजित सिंग यांची डिस्को ठेक्यावरच्या रागांची १९८२ ची ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी. टीबी-३०३ या खर्ज सूर काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रासोबत त्यांनी मांडलेला भैरव राग विलक्षण आहे.

प्रश्नकर्ता: भैरव पहाटे ऐकला. मनापासून आभार.