बोर्ड लावला, चिठ्ठ्या चिकटवल्या, कामं तिथंच. शेठला कसं सांगू?

जळगावचा_टीमलीड
नमस्कार मंडळी. जळगावात आमची १४ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, डाळ मिल, दोन-चार दवाखाने. आमचे शेठ पुण्याहून लीनचं (टोयोटा कंपनीतून आलेली, फुकट जाणारं काम कमी करायची पद्धत) दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले, ते पांढरा बोर्ड घेऊनच. करायचं, चालू, टेस्टिंग, झालं असे चार रकाने. रोज दहाला बोर्डासमोर उभं राहायचं. पंधरा मिनिटं ठरली होती, पाऊण तास चालतं. मीटिंग कसली, हजेरीच ती: "काल काय केलं? एवढंच?"

आज मोजलं. उघड्या चिठ्ठ्या, म्हणजे न संपलेली कामं, ४३, त्यातल्या १७ टेस्टिंगमध्ये, कारण टेस्टर एकच. बाकीची पोरं रिकामी दिसू नयेत म्हणून शेठ त्यांना नवीन काम देतात. चोपड्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की शेठ थेट पोराच्या टेबलावर: "ते सोड, हे आधी घे." सगळ्यांचं उत्तर एकच, "व्हई जाई शेठ." आठवड्याला ९ कामं पूर्ण होतात. बोर्डाच्या आधीही ९च व्हायची. माणूस वाईट नाही, पगार कधी अडकवला नाही. पण लीन म्हणजे हेच का?

धुळ्याची_क्यूए
१७ चिठ्ठ्या आणि टेस्टर एक? आधी त्या माणसाला चहा पाजा.

भुसावळकर
भाऊ, मी आधी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होतो, नंतर बारा वर्षं एका डेटा सेंटरमध्ये. आता घरी, भुसावळला. दोन्हीकडचं थोडं पाहिलंय म्हणून लिहितो.

आधी हिशेब. जॉन लिटल या प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: हातातली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. तुमचे ४३ भागिले ९, पावणेपाच आठवडे. गिऱ्हाईक फोन करणार नाही तर काय करेल? हातातली कामं १८ वर आणली, तर वेग तोच राहूनही दोन आठवडे. कोणाला पळवायची गरज नाही. टेस्टिंगच्या रकान्यावर ५ लिहा. पाच भरले की सहावं तिकडे ढकलायचं नाही, मोकळ्या प्रोग्रामरने टेस्टिंगला बसायचं. पोरं नाक मुरडतील. आमचीही मुरडली होती.

पण तुमची अडचण बोर्डापेक्षा शेठच्या पायांत आहे. टोयोटाची सुरुवात कापडाच्या मागावरची, हे त्यांना सांगा. साकिची टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपला आपण थांबायचा, म्हणून एक माणूस बरेच माग सांभाळायचा. पुढे गाड्यांच्या लाइनवर दोरी आली. चूक दिसली की कामगाराने ओढायची. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या खुणेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच थांबते. धावत येतो तो हात द्यायला. तुमचे शेठ येतात ते "कोणी केलं?" विचारायला. मग दोरी ओढणार कोण?

आमच्याकडे एकदा बॅकअप सलग तीन रात्री फेल गेला. रात्रपाळीच्या नव्या पोराला माहीत होतं, बोलला नाही. कारण महिनाभर आधी ज्याने असंच काही सांगितलं होतं, त्याच्याकडूनच लेखी खुलासा मागितला होता. तो खुलासा मागणारा मीच.

रावेरचा_केळीवाला
मी कॉम्प्युटरवाला नाही, माझा पोरगा आहे. आमच्याकडे गाडी लागल्याशिवाय बागेत विळा चालत नाही भो. मजूर मोकळे आहेत म्हणून कापत सुटलं तर बांधावर घडांचा ढीग, आणि मग भाव व्यापारी सांगेल तो. कापलेला घड तुमच्या शेठसाठी थांबत नाही.

धुळ्याची_क्यूए
केळीवाले काका, हे आमच्या मॅनेजरला पाठवते.

पण भुसावळकर दादा, कारखान्यात तोच भाग हजारदा बनतो. आमच्याकडे दोन तासांचं दिसणारं काम दोन दिवस खातं. सगळे शंभर टक्के भरलेले असले की एक काम फुगलं तरी मागची सगळी रांग अडते. आणि ३१ मार्चला पतसंस्थेच्या मॅनेजरला "रांगेत या" म्हणून बघा! तातडीसाठी एक लाल चिठ्ठी ठेवा, एका वेळी एकच. दुसरी लावायची असेल तर शेठनी पहिली स्वतःच्या हाताने काढायची.

भुसावळकर
मान्य. लाल चिठ्ठी आमच्याकडेही होती. पहिल्या आठवड्यात सगळंच लाल झालं, तेव्हा "एकच" हे मोठ्या अक्षरात लिहा.

जळगावचा_टीमलीड
तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो. आकडे लिहिले. शेठ पहिल्याच दिवशी भडकले, "पोरं बसलेली दिसतात!" वाद घातला नाही. त्यांना पारोळ्याला घेऊन गेलो, एका पतसंस्थेत काउंटरमागे दिवसभर बसलो. ज्या वसुली रिपोर्टची आम्ही चौथी आवृत्ती करतोय, तो तिथल्या ताई उघडतच नाहीत. प्रिंटमध्ये कर्जदाराचं आडनाव कापलं जातं, म्हणून वहीत लिहितात. शेठ ती वही बराच वेळ उलटत राहिले. येताना एरंडोलपर्यंत गाडीत एक शब्द नाही. मग म्हणाले, "ती रिपोर्टची चिठ्ठी काढून टाक. आधी आडनाव नीट कर."

आज उघड्या चिठ्ठ्या २६. सकाळची हजेरी अजून वीस मिनिटं चालते, पण "एवढंच?" ऐकू आलं नाही या आठवड्यात. टेबलावर जाणं सुटलेलं नाही, काल दोनदा उठले. दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेत बोर्डाकडे बघितलं, लाल चिठ्ठी आधीच लागलेली होती. केबिनमध्ये परत गेले आणि चोपड्याला स्वतःच फोन लावला.