वडिलांना आलेल्या व्हिडिओंची पडताळणी कशी करावी? मदत हवी आहे
नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून सकाळच्या चहासोबत वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतात. मात्र दुपारी व्हॉट्सॲपवर आलेल्या, दुहेरी बाणाचे चिन्ह असलेल्या (म्हणजे अनेकदा पुढे पाठवल्या गेलेल्या) मजकुरावरही ते तितकाच विश्वास ठेवतात. असा मजकूर एका वेळी एकालाच पाठवता येतो, ही मर्यादा २०२० पासून आहे, परंतु ते (चिकाटी वाखाणण्याजोगी!) एकेका नातेवाइकाला स्वतंत्रपणे पाठवत बसतात. परवा २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून आला आणि त्यांनी आत्याला तातडीने घर सोडायला सांगितले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) पडताळणी केंद्र सरकारविषयीच्या दाव्यांपुरतीच आहे, त्यामुळे अशा व्हिडिओंसाठी तिचा उपयोग होत नाही. वडिलांचा मान न दुखावता, त्यांना स्वतःला फोनवरच जमेल अशी व्हिडिओ तपासण्याची पद्धत कोणी सुचवेल का?