जिल्ह्याचा आपत्ती-धोका काढताना तालुका धरायचा की गाव?

तासगावकर
नमस्कार. सांगली जिल्ह्याचा तालुकावार धोका-तक्ता करतोय. प्रत्येक आपत्तीसाठी तीन रकाने: धोक्याची तीव्रता, सापडणारी घरं-माणसं आणि कमकुवतपणा. प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन बेरीज घेतली. पण पुराच्या तक्त्यात कोरड्या जत तालुक्याची काही गावं कृष्णाकाठच्या पलूसच्या बरोबरीला येतात. कुठं चुकतंय?

कृष्णाकाठ
बेरजेतच चुकतंय. जतच्या गावाला पूर ०, घरं-माणसं ४, कमकुवतपणा ५, बेरीज ९. पलूसच्या नदीकाठच्या गावाला ४, ३, २, तीही ९. गुणाकार करा: एकाचं ०, दुसऱ्याचं २४. पाणीच येत नसेल तर गरिबीमुळं पुराचा धोका वाढत नाही.

दुसरं, पूर आणि दुष्काळ एका आकड्यात घालू नका. एका गावाला बोट लागते, दुसऱ्याला टँकर. तक्ते वेगळेच ठेवा.

आणि तालुक्याची सरासरी नकोच. मिरज तालुक्याचंच बघा, पश्चिमेला कृष्णाकाठ, पूर्वेला कोरडा भाग. सरासरी काढली की दोन्ही मध्यम दिसतात. गाव हेच एकक धरा.

पुरासाठी सगळे आयर्विन पुलाचं माप धरतात (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट). ते सांगली शहराचं झालं. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांना बहे, ताकारी, भिलवडी यांपैकी जवळच्या पुलाचं माप लावा. प्रत्येक गावासाठी दोन आकडे लिहा: किती फुटाला रस्ता तुटतो आणि किती फुटाला पहिलं घर भिजतं. पहिला जास्त महत्त्वाचा, कारण रस्ता तुटल्यावर माणसं बोटीवरच अवलंबून राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला जीव गेले ते लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून.

डोंगरकडा
साताऱ्याच्या बाजूनं भर घालतो. दरडीसाठी गावसुद्धा मोठं एकक आहे. जनगणनेत वाडीची माणसं महसुली गावात मिसळलेली असतात, आणि दरड येते ती वाडीवर. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं तेच झालं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवण नकाशा १:५०,००० चा आहे, म्हणजे १ सेंमीला ५०० मीटर. शंभर मीटरची वाडी त्यावर २ मिमी. तेव्हा तो फक्त चाळणीसारखा वापरा. लाल-पिवळ्या पट्ट्यातल्या वाड्या निवडा आणि पावसाळ्याआधी प्रत्यक्ष वरचा उतार चालून बघा. जमिनीला कमानीसारखी भेग, बुंध्यापाशी वाकलेली झाडं, घरामागं उभा कापलेला उतार दिसला की थेट ५ गुण. पाऊस सुरू झाल्यावर झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं तर मात्र गुण देत बसू नका, वाडी आधी हलवा.

तासगावकर
भूकंपाला शिराळ्याच्या सगळ्या गावांना सारखेच गुण पडताहेत.

डोंगरकडा
पडणारच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपासारखा हादरा शेजारच्या दोन गावांत फारसा फरक करत नाही, फरक भिंती करतात. मातीत रचलेला दगड, वर जड छप्पर, ही घरं आधी जातात. २०११ च्या जनगणनेत भिंतीचं साहित्य मिळेल, पण ते जुनं झालंय. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीची नोंदवही) घराचा प्रकार असतो, त्यावरून मोजा.

कृष्णाकाठ
दुष्काळाला तालुक्याचा पाऊस नको, महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांचा गट) घ्या. नुसती एकूण टक्केवारीही फसवते: जूनमध्ये भरपूर आणि नंतर चार आठवडे थेंब नाही, तरी सरासरी भरलेली दिसते. खंडाचे आठवडे वेगळ्या रकान्यात मोजा.