मदत हवी आहे: फाइलची क्रिएटेड तारीख मॉडिफाइडच्या नंतरची दिसतेय, पुरावा बाद होईल का?

मंडळी, कोणी फॉरेन्सिकवालं असेल तर प्लीज सांगा. भागीदाराबरोबरचा हिशेबाचा वाद कोर्टात गेलाय आणि माझा सगळा भर एका वर्ड फाइलवर आहे. मूळ फाइल जुन्या लॅपटॉपवर, मी शहाणपणा करून ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि वकिलांना दिली. आता समोरचे वकील म्हणतायत प्रॉपर्टीज बघा, मॉडिफाइड ३ फेब्रुवारी आणि क्रिएटेड १९ मार्च, बाळ जन्मायच्या आधी बारसं कसं झालं, म्हणजे फाइल बनावट! काल लॅपटॉप चालू करून बघितलं तर अजूनच घाम फुटला, मॉडिफाइड वेळ तिथे ११:४२:३७ आणि पेन ड्राइव्हवर ११:४२:३८. नुसतं कॉपी पेस्ट केलंय हो मी. पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा एमडी५ हॅश (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला ठसा) काढून ठेवलाय, त्याचा काही उपयोग?

प्रतिसाद:
राग मानू नका, पण लॅपटॉप आता परत चालू करू नका. नुसतं विंडोज सुरू झालं तरी ढीगभर फाइली आणि लॉग बदलतात, एसएसडी असेल तर डिलीट केलेला डेटाही ट्रिम नावाच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईमुळे साफ होत जातो. तारखांमध्ये काही काळंबेरं नाही, विंडोजमध्ये कॉपी केली की क्रिएटेडला कॉपीची वेळ पडते आणि मॉडिफाइड जुनीच राहते. सेकंदाचं म्हणाल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ (ड्राइव्हवर फाइली नोंदवायची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम) असणार, तिथे मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते, ३७ ला जागाच नाही. आणि या तारखा फाइलच्या आत नसतात, फाइल सिस्टममध्ये असतात, त्यामुळे मूळ आणि कॉपीचा हॅश एकच यायला हवा, तोच तुमचा हुकमी एक्का. फक्त तो घरी काढत बसू नका, तज्ज्ञाला राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊ द्या आणि एसएचए-२५६ हा जास्त भक्कम हॅश काढायला सांगा. एकटा एमडी५ नको, २००४ मध्येच दोन वेगळ्या इनपुटचा एकच एमडी५ काढून दाखवलाय, समोरचा वकील नेमकं तेच काढेल. फाइल डॉक्सएक्स (वर्डचा नवा फाइल प्रकार) असेल तर आत वर्डची स्वतःची तारीख आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचं नावही सापडेल, ते कॉपीबरोबर जसंच्या तसं येतं (बदलताही येतं म्हणा, एकट्या त्यावर विसंबू नका). लॅपटॉप कोणाकडे कधी होता ते आजच कागदावर उतरवा, काल चालू केला होतात तेही लिहा, लपवलंत तर उलटतपासणीत तिथेच पकडतील.